वसंताच्या नदीतला पाटील

वसंताचं चांगलं झालेलं मला आजवर कधी बघवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला भली बाई समजायला नको.

वसंता माझा चुलतभाऊ. आम्ही एकाच वर्षाचे, एकाच अंगणात वाढलेले. अडाण नदीच्या काठी आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. मोठी माणसं भाजी घेऊन कारंज्याच्या बाजाराला गेली की आम्ही दोघं गळ घेऊन नदीवर. दोरा ज्या जैन शेटजींच्या दुकानातून आणायचो त्यांना पतंगासाठी पाहिजे म्हणून सांगायचो, नाहीतर ते द्यायचे नाहीत.

मासे मला लागायचे, वसंताला लागायचे नाहीत. ही माझी फुशारकी नाही, अख्ख्या मळ्याला ठाऊक होतं. गळाला नाकतोडा लावायचा, झुडपाआड बसायचं आणि तो पाण्यावर नुसता टेकवायचा. मरळ वर येते, नाकतोडा तोंडात घेते आणि मान खाली घालून निघते. तिनं मान खाली घातली की मग ओढायचं. वसंताला तेवढा धीर कधी नव्हताच. पाणी हललं की याचा झटका, आणि नाकतोडा याच्याच थोबाडावर.

आमच्या घरची एक रीत होती. दिवसाचा पहिला मासा नदीला परत द्यायचा. कितीही मोठा असो, हातात आला की लगेच, कोणाला दाखवत बसायचं नाही. “पयला तुहा, मंगचे आमचे,” असं म्हणायचं आणि सोडायचा. हे मी इतक्यांदा केलं की मनाला विचारायचं कामच नव्हतं, हातच ते करून मोकळा व्हायचा.

पुढं वसंता इंजिनीअर झाला, इंग्लंडला गेला. मला आसेगावला दिलं. सून गळ घेऊन नदीवर बसते हे कोणाला चाललं नसतं, आणि मीही कधी विचारलं नाही. माझा गळ सुटला तो सुटलाच. आणि हा वसंता, ज्याला आयुष्यात धड एक मरळ लागली नाही, तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायला लागला. डोक्यावर टोपी, छातीपर्यंत रबराची विजार, हातात ठिपक्याठिपक्यांचा मासा. खाली सगळ्यांचे हात जोडलेले, फुलं टाकलेली. “वा वसंतराव! मासे धरावे तर तुमीच!” मी मोबाइल पालथा करून ठेवायची. एकदा ह्यांनी विचारलं, “काहून वं, कोन वारलं काय?”

तर अशी मी, आणि वसंताचा फोन आला, “कुसे, येकडाव येऊन जाय ना इकडं. मे मईन्यात ये. तुले माही नदी दाखवतो.”

माही नदी म्हणे! मी त्याच रात्री ह्यांना सांगितलं की मी जाते.

हँपशर

आसेगाव सोडलं तेव्हा मे संपत आला होता. आमच्याकडं त्या दिवसांत नदी म्हणजे गोटे. बाया वाळूत झिरे उकरतात आणि वाटीवाटीनं पाणी भरतात. ते बघून मी निघाले आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतानं मला हँपशरमधल्या त्याच्या गावाबाहेरच्या लाकडी पुलावर नेऊन उभं केलं.

खाली नदी होती. काठोकाठ भरलेली. आणि तळाचा एकेक गोटा दिसत होता. पाण्यात हिरव्या वेली लांबच लांब पसरलेल्या, त्यांना पांढरी बारीक फुलं, आणि ती फुलं पाण्याच्या वर डोकं काढून डुलत होती. ना गाळ, ना प्लास्टिक, ना कोणाची धुणी.

“पाऊस झाला काय इतक्यात?” मी विचारलं.

“नाई ना. पंधरा-वीस दिवस झाले, टिपूस नाई.”

“मंग पानी?”

वसंताला हेच पाहिजे होतं. छाती फुगवून सांगायला लागला, जणू नदी यानंच खणली. इथल्या टेकड्या आतून खडूच्या आहेत. फळ्यावर लिहायच्या खडूसारखाच पांढरा, मऊ दगड. हिवाळ्यात पडलेलं पाणी त्या पिऊन ठेवतात आणि मग वर्षभर झऱ्यातून थोडं थोडं सोडत राहतात. म्हणून नदीला उन्हाळा माहीत नाही, पूर माहीत नाही, गढूळ होणं माहीत नाही. मी वाकून हात घातला. थंडगार. हात काढवत नव्हता.

मला खरं काय वाटलं ते सांगू? मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. एकाच्या ताटात इतकं आणि दुसऱ्याच्या ताटात गोटे, आणि वरून याला काय म्हणून मिळालं, याला तर झटकेसुद्धा धड मारता येत नाहीत! पण वसंता माझ्याकडं बघत होता, म्हणून म्हणाले, “बरी हे.”

“बरी?” तो म्हणाला. “नुसती बरी?”

“उन्हाळ्याच्या मानानं बरी हे.”

घरी शैलावहिनीनं भाकरी केल्या होत्या. वहिनी मूळची आमच्याकडचीच, केनवडची. चाळीस वर्षं विलायतेत राहून तिची भाकर टम्म फुगते आणि माझी आसेगावात बसून फुगत नाही, हेही त्या दुपारी बघावं लागलं. मी नेलेला ठेचा तिनं डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, “कुसुमताई, तुमच्या हाताले काय चव हे वं.” जरा बरं वाटलं. मग ती म्हणाली, “आता तुम्ही यांना जरा समजवा. त्या पाटलाच्या मागं येडे झाले हेत.”

“कोन पाटील?”

दोघं एकमेकांकडं बघून हसले.

माशीचे धडे

पाटील उद्या दाखवीन, आधी काठी धरायला शीक, असं वसंता म्हणाला. त्यानं मला शिकवायचं! बरं, म्हटलं, शिकव.

तिथं गळाला नाकतोडा लावत नाहीत, गांडूळ लावत नाहीत, कणकेची गोळी तर विचारूच नका. त्या पाण्यावर मेअखेरीस एक नाजूक माशी जन्माला येते, पंख उभे धरून तरंगते, आणि ट्राउट मासे वर येऊन ती टिपतात. ही माणसं पिसं आणि रेशीमधागा घेऊन हुबेहूब तशी खोटी माशी बांधतात. बारीक आकड्यावर, आणि त्या आकड्याला उलटा काटासुद्धा ठेवत नाहीत, माशाला इजा नको म्हणून. तीच टाकायची. तीसुद्धा खालून वरच्या अंगाला, मासा ज्या दिशेला तोंड करून उभा आहे त्याच्या पाठीमागून. आणि धरलेला मासा जाळीत घ्यायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.

“सगळे?” मी विचारलं.

“सगळे.”

“मंग कालवन कायचं करता?”

 छातीपर्यंत चढवायची वहिनीची रबरी विजार वसंतानं माझ्या हातात दिली, तिच्यात माझं लुगडं कोंबता येईना म्हणून आधी तिचीच पॅन्ट घालावी लागली. आसेगावातलं कोणी बघत नव्हतं म्हणून बरं.

काठी लवलवती, आणि दोरी जड. वजन गळाला नाही, दोरीलाच. ती डोक्यावरून मागं फेकायची, मागं पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढं सोडायची. वसंतानं करून दाखवलं. दोरी हवेत मोठा वळसा घेऊन गेली आणि माशी पाण्यावर अलगद, आवाज न करता बसली. छान होतं. मला ते छान होतं म्हणूनच जास्त लागलं. मी केलं तेव्हा पहिल्यांदा माशी मागच्या झाडाला लागली, दुसऱ्यांदा कुंपणाला आणि तिसऱ्यांदा माझ्या अंबाड्यात. वसंता हसून हसून गवतात बसला.

“सोड ना आता! वढू नोको, केस जातीन!”

“हाल नोको कुसे. आजवरचा सगळ्यात मोठा मासा हे हा माहा.”

मला असा संताप आला की काय सांगू.

तेवढ्यात नदीतून एक उंच म्हातारा चालत आला, हातात विळ्यासारखं लांब दांड्याचं पातं. जॉर्ज. हा नदीचा राखणदार. होय, त्या नदीला पगारी माणूस आहे! पाण्यातली वेल जास्त झाली की कापतो, काठ बांधतो, पडलेली फांदी उचलतो, आणि कोण कुठं मासे धरतो यावर नजर ठेवतो. आमच्याकडं नदीवर नजर ठेवतात ती वाळूसाठी. वसंतानं माझी ओळख करून दिली, तसं जॉर्जनं विचारलं, तुमच्या नदीत आता कुठले मासे आहेत? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले की आता मे महिना आहे, आता नदी नाही.

“मग कुठं जाते?” त्यानं विचारलं.

“ज्याच्याजवळ मोटारपंप हे, त्याच्या वावरात,” मी वसंताला म्हणाले, “सांग त्याले.” वसंतानं सांगितलं. जॉर्जला तो विनोद वाटला.

पाटलांची जागा

गावाच्या वरच्या अंगाला नदी एका जुन्या झाडाखाली वळते. झाडाच्या फांद्या पार पाण्यापर्यंत वाकलेल्या, आणि त्यांच्या सावलीत खोल, संथ पाणी. तिथं पाटील राहतात. वसंतानं मला गवतात पालथं पाडलं आणि कानात कुजबुजला, “थे पाह्य. जेवून राह्यले.”

आधी मला काही दिसेना. मग सावलीतली एक काळी पट्टी हलली, नाक वर आलं, एक माशी गडप झाली आणि पाण्यावर गोल तरंग उठला. बाप्पा! माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत सहज असेल, कदाचित जास्तच. बाकीचे मासे त्याच्या आसपास फिरकत नव्हते. सगळ्यात चांगली जागा अडवून बसलेला आणि अन्न चालत तोंडाशी येतंय, म्हणून वसंतानं नाव ठेवलं पाटील.

“तीन वर्सं झाली,” वसंता म्हणाला. “तीन वर्सांत येकदाबी हाती लागला नाई. कोनालेच नाई. जॉर्ज म्हनते, आकडा या माशाच्या तोंडात नाई, माह्या डोक्यात अडकला हे.”

मग तो गुडघ्यांवर पाण्यात उतरला. माशी अशी टाकली की मीही श्वास धरला. ती तरंगत आली. पाटील वर आले. तोंड उघडलं. आणि वसंतानं झटका मारला.

माशी हवेत. पाटील गुडूप.

पन्नास वर्षांत माणूस सगळं बदलतो, घर, देश, टोपी, पण हा झटका जसाच्या तसा! मला राहवलं नाही. “अरे मान तं खाली घालू दे त्याले! कितीक सांगू?”

वसंता वळला. चिडलेला होता. “तुही अडाणमंदली मरळ नाई हे थे कुसे. ट्राउट हे. याले शास्त्र लागते.”

“हाव का.”

“हाव. अन् तू आधी माशी पान्यात टाकाले शीक, मंग मले सांग.”

झालं. माझं ठरलं. मला त्या नदीतला दुसरा कुठलाच मासा नको होता. हाच पाहिजे होता, आणि वसंता समोर उभा असताना पाहिजे होता. त्यानं बघावं. त्यानं फोटो काढावा आणि स्वतःच्या हातानं ग्रुपवर टाकावा. त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या फोटोखाली कोण काय लिहील तेसुद्धा ठरवून टाकलं.

पण पुढचे सगळे दिवस माझी दोरी सरळ गेली नाही. वसंताला बारके मासे लागत होते, मला झाडं लागत होती. संध्याकाळी वहिनी विचारायची, “काय झालं आज?” आणि वसंता माझ्याकडं न बघता सांगायचा, “शिकून राह्यली.” त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं.

झाडाआड

निघायच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, वारा पडलेला. माश्या इतक्या निघाल्या की माझ्या बाहीवर बसत होत्या. पाटील जेवत होते. वसंतानं दोनदा प्रयत्न केला, दोनदा झटका मारला, आणि मग म्हणाला, “आता घंटाभर यांले आराम देऊ. मी गाडीतून च्या अन् भाकरी घेऊन येतो. तू बस. अन् काई लागलंच त फोटो काढल्याशिवाय सोडू नोको.” शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला. लागणार नाही याची त्याला खात्री होती.

तो दिसेनासा झाला. मी काठी घेतली.

पाण्यात उतरलेच नाही. मळ्यात जायची तशीच झाडामागून गेले, खोडाला टेकून उकिडवी बसले आणि काठी फांद्यांमधून पुढं सारली. दोरी फेकायची नाही, वळसे काढायचे नाहीत. फक्त माशी खाली सोडली, नाकतोडा सोडायचो तशी. ती पाण्याला टेकली, मी उचलली. टेकली, उचलली. तिसऱ्यांदा टेकली आणि खालून ते नाक आलं.

तोंड उघडलं, मिटलं. माशी गेली. माझ्या अंगातली प्रत्येक शीर म्हणत होती ओढ. मी ओढलं नाही. पाटलांनी सावकाश मान खाली घातली.

मग ओढलं.

पुढचं काय आणि किती वेळ, मला धड आठवत नाही. काठी वाकून अर्धी झाली होती. एकदा पाटील वेलीत शिरले, एकदा थेट माझ्या पायांशी आले. मी घसरत, बसत पाण्यात गेले, छातीपर्यंत, आणि तोंडानं काय काय बडबडत होते कोण जाणे. “ये माह्या राज्या, ये!” जाळी काठावर राहिली होती. मी त्याला हातांनीच धरला, पोटाखालून. जड. गार. पोट पिवळं, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला पांढरी कड. पन्नास वर्षांनी माझ्या हातात मासा होता, आणि तो वसंताचा पाटील होता!

आकडा बोटानं सहज निघाला. आणि मग माझं तोंड म्हणालं, “पयला तुहा, मंगचे आमचे.” आणि हात उघडले.

पाटील क्षणभर माझ्या तळहातांवर तसेच उभे होते. मग शेपटी हलली आणि गेले.

मोबाइल माझ्या गळ्यात लटकत होता. फोटो काढायचा राहिला हे मला तेव्हा कळलं, जेव्हा वरून वसंताची हाक आली. “काहून वं पान्यात? पडली काय?”

तो काठावर उभा होता, एका हातात चहाची बाटली, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. मी चिंब भिजलेली, अंबाडा सुटलेला.  सांगायचं, आत्ताच सांगायचं! आणि त्याच घडीला मला त्याचं पुढचं बोलणं ऐकू आलं. काठी माही. माशी म्या बांधलेली. नदी माही. आणि फोटो कुठाय? विश्वास ठेवला नाही तर मी खोटी, आणि ठेवला तर अर्धा मासा त्याचा. माझ्याजवळ एवढंच होतं आणि मला त्यात वाटा द्यायचा नव्हता. त्याच्याजवळ अख्खी नदी होती.

“घसरली,” मी म्हणाले.

“लागलं काय काई?”

“लागली ना एक. इतलुसी.” मी करंगळी दाखवली. “सोडून देली.”

वसंता हसला. “चाल, भोपळा तं फुटला,” म्हणाला आणि माझ्या पेल्यात चहा ओतला. आम्ही काठावर बसून भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. त्या दिवशी, खरं सांगते, मला वसंताचा अजिबात हेवा वाटला नाही. त्याच्या टोपीचा नाही, नदीचा नाही, वहिनीच्या भाकरीचासुद्धा नाही. विमानात मी गालातल्या गालात हसत होते तर शेजारची बाई घाबरून दुसरीकडं बघायला लागली.

आसेगाव

हे सुख पोळ्यापर्यंत टिकलं.

पोळ्याच्या दिवशी पुरण वाटत होते तर वसंताचा फोन. आवाज असा की मला वाटलं नातू झाला.

“कुसे! पाटील! धरला पाटील!”

माझ्या हातातली वाटी खाली पडली.

“ग्रुपवर पाह्य, फोटो टाकला. बाप्पा काय सांगू तुले. या डावाले म्या झटका मारलाच नाई. थांबलो. त्यानं मान खाली घातली अन् मंग वढलं. कसं सुचलं कोनजाने!”

कोणजाणे म्हणे! मी वाटी उचलून ठेवली.

“तीन वर्सं, कुसे. जॉर्जनं टोपी काढली माह्यासाठी. अन् सांगू काय तुले, त्या माशाच्या आंगाले आजवर कोनाचाच हात लागला नवता. पयला हात माहा.”

“हाव का,” मी म्हणाले. “लय चांगलं झालं.” मग विचारलं, “सोडतानी काई म्हनलं काय?”

“कोनाले? माशाले?” तो हसायला लागला. “काय म्हनाचं असते?”

फोन ठेवून ग्रुप उघडला. वसंता, टोपी, आणि त्याच्या दोन्ही हातांवर आडवे पाटील. खाली फुलंच फुलं. “वा वसंतराव!” ह्यांनीसुद्धा अंगठा टाकला होता, आणि ते माझ्याच घरात बसून. मीही एक गुलाब टाकला. मग पुरण तसंच झाकून ठेवलं आणि हे लिहायला बसले.

छापून आलं की एक अंक वसंताच्या पत्त्यावर पाठवणार आहे. वसंता, तुझ्या फोटोत पाटलांची उजवी बाजू आहे. डाव्या बाजूला, कल्ल्याच्या मागं, तीन लाल ठिपके एकमेकांत मिसळून एकच मोठा झालेला आहे, बोराएवढा, आणि पोटाखालचा त्या बाजूचा पंख अर्धा तुटलेला आहे. पुढच्या वेळी हातात आले की पालथे करून बघ.